शिकून संपणार नाही असं खेळणं

खेळण्याच्या खोक्यावर वय छापलेलं असतं, आणि मी ते नेहमी चुकीचं निवडतो. यात खोक्याचा दोष नाही. मी जहाजावर इंजिनिअर आहे; चार महिने समुद्रात आणि दोन महिने घरी. परत येताना कुठल्यातरी विमानतळावर मुलीसाठी खेळणं घ्यायला उभा राहतो, तेव्हा डोळ्यांसमोर असते ती चार महिन्यांपूर्वीची मुलगी. तिच्या मापाने मी खेळणं घेतो. घरचं दार उघडतं तेव्हा समोर वेगळीच कोणीतरी असते, जरा उंच, पाहुण्यांना म्हणावं तसं "थँक यू, बाबा" म्हणणारी. दोन दिवसांत खेळणं सोफ्याखाली जातं.

जहाजावर मी असा चुकत नाही. पंपाचा कुठला भाग किती तास चालल्यावर झिजणार याचे तक्ते असतात, आणि त्यांवरून आम्ही सुटे भाग काही महिने आधीच मागवून ठेवतो. मुलांचेही असे तक्ते निघाले आहेत. कितव्या महिन्यात मूल किती ठोकळे एकावर एक ठेवतं, कितव्या वर्षी कात्री धरतं, वगैरे. जहाजावरच्या मोकळ्या वेळात मी ते भक्तिभावाने वाचले आहेत. फरक एवढाच, की पंप आपला तक्ता न वाचताही पाळतो.

गेल्या सुट्टीत ठरवलं, या वेळी एक पाऊल पुढचं घ्यायचं. मुलगी साडेचार वर्षांची होती. आखातातल्या एका बंदरात मी जहाजावरून उतरलो आणि विमानतळावरच्या दुकानात एक लाकडी घड्याळ घेतलं. बारा रंगांचे बारा आकडे, आपापल्या खाचेतून काढता-घालता येणारे; काटे हाताने फिरवायचे. वय पाच वर्षं आणि पुढे. खोक्याच्या पाठीवर लिहिलं होतं की या घड्याळामुळे तर्कशक्ती, एकाग्रता, बोटांची पकड, स्वावलंबन आणि आत्मविश्वास यांचा विकास होतो. वेळ कळते, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

आम्ही परदेशात, यिशुनला राहतो, एका सरकारी ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर. बायकोचं ऑफिस क्वीन्सटाउनच्या बाजूला, त्यामुळे ती सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी एमआरटी मेट्रोतून उभी राहून परत येते. मी घरी असलो की मुलीला शाळेतून आणायचं काम माझं. चार ते पाच ही आमची घड्याळाची वेळ ठरली. ती मांडीवर बसायची. तिचं डोकं बरोबर माझ्या हनुवटीखाली यायचं आणि केसांना शाळेतल्या खडूचा वास असायचा. समुद्रावर असताना मला या वासाची आठवण काढता येत नाही. काढायला गेलं की डिझेलच येतं.

"छोटा काटा कुठे आहे?"

"थ्री."

"मोठा?"

"ट्वेल्व्ह."

"मग किती वाजले?"

ती खूप विचार करायची. भुवया एकत्र आणून, ओठ बाहेर काढून. मग म्हणायची, "नाइन?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायचो. दहा दिवस झाले तरी तीन वाजता नऊच वाजत होते.

त्या रविवारी बायकोच्या ऑफिसातल्या एका मॅनेजरने आम्हाला ईस्ट कोस्टच्या महागड्या कॉन्डो फ्लॅटमध्ये जेवायला बोलावलं होतं. पुण्याचा माणूस, अगत्यशील. त्याच्या हॉलमध्ये मुलासाठी एक लर्निंग कॉर्नर होता. कमरेइतक्या रॅकवर सहा लाकडी खेळणी सारख्या अंतरावर मांडलेली. एकालाही रंग नाही.

"एका वेळी सहाच," तो म्हणाला. "बाकीची कपाटात. दर पंधरा दिवसांनी बदलतो. आणि बॅटरीचं एकही खेळणं आम्ही घरात आणत नाही." हे तो कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या सुरात म्हणाला.

"मुलगा कशाशी खेळतो?" मी विचारलं.

"अहो, याच्याशीच की! तुम्हा बोटीवरच्या लोकांना काय कल्पना, इंजिनिअरसाहेब. इकडे स्पर्धा केवढी आहे!" मग त्याने मुलाला हाक मारली. "ये रे, काकांना सांग बरं किती वाजले."

तो पोरगा माझ्या मुलीच्याच वयाचा. तो सोफ्याची उशी घोडा करून त्यावर बसला होता. भिंतीकडे ओझरतं पाहून म्हणाला, "ट्वेल्व्ह फिफ्टीन," आणि घोडा पुढे हाकला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. "पिल्लू, आपल्यालाही येतं ना? सांग काकांना."

मुलीने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डोन्नो," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," मॅनेजर उदारपणे म्हणाला. "प्रत्येक मुलाचा आपला वेग असतो."

परतीच्या बसमध्ये मुलगी बायकोच्या मांडीवर झोपली. मी म्हटलं, "तिला घड्याळ येत नाही."

"अरे, तिला सगळं येतं. तू उगाच मागे लागू नकोस."

सगळं येतं, हे सगळ्याच आया म्हणतात. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. "मी वर्षातले आठ महिने नसतो," मी म्हटलं.

"त्याचा घड्याळाशी काय संबंध?"

"असेल काहीतरी."

काहीतरी नव्हे, सरळ संबंध होता, अशी माझी खात्री होत चालली होती. मॅनेजर रोज रात्री घरी असतो आणि त्याच्या मुलाला वेळ कळते. मी नसतो आणि माझ्या मुलीला कळत नाही. त्याच्या त्या बिनरंगी रॅकला मी मनात हवं तेवढं हसून घेतलं, पण हा हिशेब काही केल्या खोटा ठरेना. माझ्या नसण्याने तिच्यात काहीतरी कमी राहून गेलं असेल, तर ते साठ दिवसांत भरून निघणार नव्हतं, आणि त्यातले दहा-बारा तर संपले होते.

दुसऱ्या दिवशी धडा घेताना मी आवाज चढवला. "लक्ष कुठे आहे तुझं? रोज तेच तेच!"

ती मांडीवरून उतरली. बाहेर काढून ठेवलेले बारा आकडे तिने एकेक करून आपापल्या खाचेत बसवले, घड्याळ माझ्यासमोर सरळ ठेवलं आणि आत निघून गेली. एखाद्या मुलीशी ओळख व्हायला दोन महिने असताना त्यातला एक दिवस आपण असा घालवावा, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या दिवशी लाकडी घड्याळाचा मोठा काटा ढिला झाला. बारीक स्क्रू ड्रायव्हर शोधत मी तिच्या कपाटाचा खालचा खण उघडला. तिथे तिच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी टिकटिक करत होतं. ब्लॉकखालच्या दुकानात मिळतं तसं साधं गोल प्लास्टिकचं घड्याळ. आमच्या हॉलमध्ये पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि या घड्याळात एक वीस. चुकीची वेळ दाखवणारं यंत्र हातात आलं की मी फार विचार करत नाही. मागची किल्ली फिरवून मी ते बरोबर केलं आणि टेबलावर ठेवलं.

मुलगी बाहेर आली, घड्याळ पाहिलं आणि इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत ओरडलीच. "बाबा! व्हाय यू चेंज?"

"बाळा, चुकीची वेळ दाखवत होतं ते."

"नॉट राँग! दॅट वन शिप टाइम, लाह!"

"शिप टाइम?"

"युअर शिप!"

"पण मी तर घरी आलोय."

"शिप डिडन्ट कम होम," ती म्हणाली, आणि मी इंजिनिअर कसा झालो असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिने घड्याळ उचललं, पालथं केलं आणि किल्ली उलटी फिरवायला लागली. मोठा काटा एक फेरा घेऊन आला की पुढून पाहायची आणि मोजायची. "वन. टू. थ्री. फोर." मग हॉलमधल्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "हिअर फाइव्ह ट्वेंटी. शिप वन ट्वेंटी. सी?"

आणि आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळी बायको आल्यावर उलगडा झाला. जहाज पश्चिमेकडे निघालं की आम्ही रात्री घड्याळं तासाभराने मागे घेतो, पूर्वेकडे निघालं की पुढे. घरच्यांना माझ्या वेळेप्रमाणे फोन करता यावा म्हणून मी प्रत्येक वेळी मेसेज टाकतो, "आज एक तास मागे." बायकोने माझ्या नावाचं एक वेगळं घड्याळच भिंतीवर लावलं होतं.

"सकाळी उठली की पहिला प्रश्न," बायको डबा घासता घासता सांगत होती, "आज बाबाचं मागे की पुढे? मग स्टुलावर चढून तीच फिरवणार. मला हात लावू देत नाही. तू आलास म्हणून मी काढून ठेवलं. मला वाटलं, विसरली असेल."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू फोनवर काय विचारतोस? जेवली का, झोपली का, शाळेत काय शिकवलं. घरी काय शिकली, असं विचारलंस कधी?"

"आणि मी शिकवतो तेव्हा येत नाही म्हणते, ते?"

"ते तिला विचार."

मुलीने घड्याळ परत खणात ठेवलं होतं; मी जाऊन ते पुन्हा पाहिलं. जहाज एव्हाना आखातातून बाहेर पडून बरंच लांब गेलेलं असणार. पण मेसेज टाकणारा मीच उतरलो होतो, त्यामुळे तिच्या घड्याळात ते अजून तिथेच उभं होतं. दहा दिवसांच्या त्या चुकांबद्दलही मला आधीच शंका यायला हवी होती. खरोखर बिघडलेलं यंत्र इतकं नेमाने चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती नेहमीसारखी मांडीवर येऊन बसली. मी लाकडी घड्याळ घेतलंच नाही.

"पिल्लू, तुला येतं ना घड्याळ?"

तिने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी रागावणार नाही. येत नाही असं का सांगायचीस?"

"बिकॉज लर्न फिनिश, देन यू गो."

"म्हणजे?"

"लास्ट टाइम स्कूटर," ती म्हणाली. "बिफोर दॅट, बटन."

मला आठवायला थोडा वेळ लागला. आधीच्या सुट्टीत ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मी तिला स्कूटर शिकवत होतो, खांबांच्या मधून, मागून धरून. शेवटच्या संध्याकाळी ती एकटी थेट लिफ्टपर्यंत गेली, मी टाळ्या वाजवल्या, आणि सकाळी ती उठायच्या आत विमानतळावर गेलो. त्याच्या आधीच्या सुट्टीत शर्टाची बटणं. माझ्यासाठी या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तिने त्या जोडून ठेवल्या होत्या, आणि तिच्याकडे जेवढा पुरावा होता तेवढ्यावरून तिचा निष्कर्ष अगदी बरोबर होता.

मी समजावून सांगितलं. कंपनी बोलावते म्हणून जावं लागतं. माझ्या जागी जे काका जहाजावर गेलेत, त्यांनाही घरी यायचं असतं.

"दॅट वन ऑल्सो सम पर्सन्स बाबा?"

"हो. तेही कोणाचेतरी बाबाच."

तिने यावर विचार केला. या वेळी भुवया एकत्र आल्या नाहीत, ओठ बाहेर आला नाही. खरा विचार करताना ती फक्त स्थिर होते, हे मला तेव्हा कळलं.

"इफ आय डोन्ट लर्न, यू ऑल्सो गो?"

"हो, बाळा."

मला वाटलं, आता रडेल. ती पायाचं एक बोट हाताने ओढत बसली. मग म्हणाली, "ओके. बट स्लो स्लो लर्न, कॅन?"

"कॅन," मी म्हणालो.

काही आठवड्यांनी कंपनीची मेल आली. नऊ दिवस उरले होते. सुट्टी वाढवून मागणारं उत्तर मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. जहाजावरच्या त्या माणसाची घरी जायची वेळ होत आली होती. उत्तर पाठवलं नाही.

शनिवारी मी मुलीला घेऊन यिशुनच्या मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. भिंतभर खोके होते. एक वाचन झटपट शिकवणार होता, दुसरा खेळता खेळता गणित, तिसरा मुलाला शाळेआधीच शाळेच्या पुढे नेणार होता. सगळ्यांना भयंकर घाई होती. काउंटरवरची चिनी आंटी चष्म्यावरून पाहत म्हणाली, "अंकल, लुकिंग फॉर व्हॉट?"

"शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागेल असं काही आहे का?" मी इंग्रजीत विचारलं.

"स्लो वन?" तिला वाटलं मी चुकून बोललो. "एव्हरीबडी आस्क मी फास्ट वन, यू नो. यू वॉन्ट स्लो वन?"

"हो. जितकं सावकाश, तितकं चांगलं."

तिने खांदे उडवले आणि आम्हाला मागच्या रांगेत नेलं. तिथे मोठ्यांची जिगसॉ कोडी होती. एक खोका काढून तिने धूळ पुसली. हजार तुकडे, आणि चित्रात नुसतं आकाश.

"दिस वन व्हेरी बोरिंग. ऑल ब्लू. नोबडी बाय," ती प्रामाणिकपणे म्हणाली. मग मुलीकडे पाहून, "बट शी सो स्मॉल. कॅनॉट, लाह."

मुलगी आमच्याकडे पाहत नव्हती. ती खालच्या फळीवरचा एकेक खोका दोन्ही हातांनी उचलून कानाशी हलवत होती आणि खाली ठेवत होती. शेवटी तिला उचलताच येईना असा एक सापडला. तो तिने फरशीवरून ओढत माझ्यापर्यंत आणला. दोन हजार तुकडे. समुद्र आणि आकाश, दोन्ही निळे.

"बाबा, दिस वन."

काउंटर तिच्या डोक्याच्या वर होता. मी खोका वर ठेवला, तर तिने टाचा उंचावून आंटीला विचारलं, "आंटी, दिस वन फिनिश, हाउ लाँग?"

"वाह, व्हेरी लाँग, गर्ल. माय हजबंड डू वन इयर ऑलरेडी. स्टिल नॉट फिनिश."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग हात वर करून खोका मागितला. आंटीने पिशवी पुढे केली, पण तिने तो पिशवीत घालू दिला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, मागे कलत, ती दाराकडे चालायला लागली. वाटेत दोनदा टेकवावा लागला. मी धरू का म्हणालो, तर म्हणाली, "यू होल्ड मी."

मी तिचे खांदे धरले आणि आम्ही तसेच, अगदी सावकाश, घरी गेलो.