धुऱ्यावरचा गोटी आंबा

हे मी माया सख्ख्या बहिणीलेही कदी सांगितलं नाई. तुले सांगून राहिली — काहून ते इचारू नोको, नुसतं आईक.

आमचं वावर रिद्धपूरच्या अंगाले. सासरे गेल्यावर वाटणी झाली, वावर मधातून कापलं, अन् मधातल्या धुऱ्यावरचा, म्हंजे बांधावरचा, गोटी आंबा राहिला दोघींचा — अर्धा माया, अर्धा मोठ्या जावेचा. जाऊ कशी म्हणून सांगू तुले! तोंडानं फटकळ, पण पहिला पाड सोताच्या लेकराच्या आधी माया हातात. मी नवी नवरी आली तवा मले धड भाकर थापता येत नव्हती. तिनं शिकवलं, अन् सासूले पत्ता लागू नाई देला. लय जीव होता माया तिच्यावर. होता काय — हाय.

मंग?

मंग आमी झेंडू लावला. वावर अर्धं झालं, खाणारी तोंडं तेवढीच. त्यातही आंब्याच्या सावलीत झेंडू नुसता उंच वाढे, फूल धरे नाई. आजूबाजूच्यांनी आपापले धुरे कवाच साफ केले होते — कोणी संत्र्यासाठी, कोणी ट्रॅक्टर वळवाले. लाकूड वीटभट्टीवाला वावरातूनच उचलून नेये. नवरा म्हणे, "वहिनी तोडू देईन काय?" नाई देणार, हे मले मालूम होतं. अन् हिरव्या झाडाले परवानगी लागते; वाळलेल्याले कोण इचारते?

झाड कसं मारतात, तुले ठाऊक हाय ना? खोडात गिरमिटानं भोक पाडाचं, हिंग भराचा, वरून शेण लिंपाचं. हिंग घरात होता — त्याच आंब्याच्या लोणच्यासाठी जावेनं देलेला.

मी भरला. नवऱ्यानं नाई — मी.

दिवाळीनंतर पानं गळाले लागली अन् जाऊ येडीपिशी झाली. हिरीवरून बादल्या आणून बुडाशी ओते. "औंदा मीच त्याच्याकडं ध्यान नाई देलं वं," म्हणे, सोतालेच बोल लावे. अन् मी काय केलं? दुसरी बादली उचलली. तिच्यासंगं पाणी घातलं! आजही आठवलं का मायी मलेच शिसारी येते.

झाड वाळलं, भट्टीत गेलं. दुसऱ्या सालचा झेंडू झकास आला — खोटं काहून बोलू? दसऱ्याले राजापेठेच्या बजारात हातोहात गेला. पण आता निंदताना दोघींले टेकाले सावली नाई. जाऊ डोक्यावर पदर ओढते, म्हणते, "आपला आंबा असता तं..." मी खाली पाहून निंदत राहते.

परवा ती थैलीत रोप घेऊन आली. शेवटच्या पाडाची कोय तिनं परसात रुजवली होती, कोणाले न सांगता. धुऱ्यावर त्याच जागी मले बसवलं, रोप माया हातात देलं.

"तूच लाव वं," म्हणे. "तुया हाताले गुण हाय."

मी लावलं. ती बाजूले बसून माती दाबत होती, अन् मी हिरीवरून बादली आणून पाणी ओतलं.