वालाची ओळ

वालाच्या बाई पिकलं पान तोडू देत नसत. महाडच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेमागे त्यांनी वालाची एक ओळ लावली होती आणि प्रत्येक पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधला होता. शेंगा भरू लागल्या की खालची पानं पिवळी पडत. ती आपण होऊन गळली की सोमवारी बाई उचलत आणि त्यांत किती प्रथिन उरलंय ते तपासत.

"उन्हात राबून प्रथिनं गंजतात हो," त्या सांगत. "पण पेशी ती फेकून देत नाही. कातरून तुकडे करते आणि देठातून शेंगेकडे धाडते. पिवळं पान म्हणजे बंद पडलेली कचेरी नव्हे. तिथून शेवटच्या दिवसापर्यंत टपाल निघतं."

अगदी शेवटची पानंही हे काम तितक्याच नेटानं करतात का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तीन हिवाळ्यांची मोजणी झाली होती. चौथा हिवाळा नोकरीतला शेवटचा.

हजेरीचं त्यांना वेड होतं. वर्गात दोनच मुलं असली तरी पट उघडायचा. आम्ही प्राध्यापक त्यांच्या मोजणीला गेलो, तरी वहीत 'मोजणारा' या रकान्यात नाव लिहावं लागे.

त्या हिवाळ्यात कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. भाड्याच्या कुंड्या आल्या, गालिचा आला, जिन्याखालचं मोडकं कपाट झाकायला एका थोर विचारवंताची तसबीर आली. सुशोभन माझ्याकडे होतं. मी नवा होतो आणि मला कायम व्हायचं होतं. बाई दोन दिवस पोलादपूरला घरी गेल्या होत्या. वालाची ओळ पिवळी दिसत होती.

"सर, बाईंचा जीव हाय त्या पानांत," शिपाईमामा म्हणाले. "नका हात लावू."

"उद्या समिती आहे, मामा," मी म्हणालो आणि सगळी पिवळी पानं दोऱ्यांसकट खुडली.

बाई परतल्या तेव्हा समिती जेवून गेली होती. त्यांनी कचऱ्याच्या टोपलीतून एकेक दोरा वेचला.

"काय म्हणाली समिती?"

"परिसर हिरवा आहे म्हणाले."

"हं." बराच वेळ त्या दोरे गुंडाळत राहिल्या. "पुढच्या थंडीत माझ्या अंगणात लावू. मोजायला तुम्ही यायचं."

मी हो म्हणालो. मग पुण्यात कायमची जागा मिळाली. थंडीत बाईंचा फोन येई, "वाल लावलाय हो. सोमवारी येताय ना?" मी पुढचा सोमवार सांगत असे. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात पोलादपूरला गेलो, तो त्यांच्या बहिणीला भेटायला. बाई जाऊन दहा दिवस झाले होते. अंगणात ओळ उभी होती, देठांना दोरे होते. बहिणीनं वही आणून दिली. "तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती," म्हणाल्या.

अक्षर पानोपानी थरथरत गेलं होतं. मोजणी मात्र एकदाही चुकली नव्हती. 'मोजणारा' या रकान्यात दर सोमवारी माझं नाव होतं आणि त्यापुढे 'गैरहजर'.

ओळीखाली एक पान गळून पडलं होतं. हातावर घेतलं तर वजन कळेना. दोऱ्याचा रंग वहीत उतरवला, पुढे माझं नाव लिहिलं आणि 'हजर' लिहिलं.

त्या दिवशी सोमवार नव्हता.