शैलजाकाकूंची बारा पुस्तकं

शैलजाकाकू पुस्तक नेहमी मागून उघडत. २००४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या वाचनालयात त्या तासन् तास बसलेल्या दिसत, चष्मा कपाळावर, समोर पुस्तकांचा ढीग. विषय एकच: देश व्हायच्या आधीची अमेरिका, आणि तीही मुलांसाठी लिहिलेली.

कामगिरी रविवारच्या मराठी शाळेची होती. तिथल्या मुलांचे आईबाप कोडिंगमध्ये भले बृहस्पती, पण पोरानं पहिल्या वसाहतींबद्दल काही विचारलं की मूग गिळून गप्प. म्हणून काकूंनी हट्टच धरला, शाळेत एक फळी या पुस्तकांची हवी. शाळा चालवणारा राजेश स्पष्टवक्ता. "काकू, ट्राय करू. पण दिवाळीपर्यंत एकही बुक इश्यू झालं नाही तर तिथे स्पेलिंगच्या स्पर्धेची पुस्तकं ठेवतो. पेरेंट्स फार मागे लागलेत."

काकूंची कसोटी साधी होती. त्या भूमीवर आधीपासून राहणारी माणसं पहिल्या प्रकरणात मका देऊन दुसऱ्या प्रकरणात गायब झाली, की पुस्तक बाद. शेवटच्या पानांतही ती हवीत. "ज्यांनी जगवलं त्यांनाच विसरायचं, हा कुठला इतिहास?" असं त्या चिडून म्हणत, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत.

पास झालेली पुस्तकं दुपारी घरी पुन्हा वाचायची. तेव्हा मात्र काकूंचा काही भरवसा नसे. दोन पानं होतात न होतात तोच समोरची खिडकी दूर दूर जाई. किनाऱ्याला लागलेलं जहाज, ओल्या लाकडांचा धूर, झोपडीच्या दारात उभी एक बाई. हातात मक्याचं कणीस, पण त्याचं करायचं काय हे तिला ठाऊक नाही. तिचा चेहरा कधी नीट दिसत नसे. मग सावकाश बर्फ पडू लागे, किनारा विरून जाई आणि १९७२ चं मिशिगन उरे: नवरा हॉस्पिटलात कामावर, आणि पंचवीस वर्षांची शैलजा काचेला नाक लावून उभी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं तेव्हा सूप आणून दिलं होतं. तिचं नाव काकूंना आता आठवत नसे, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे.

बत्तीस वर्षं इथे, त्यातली वीस हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात, पासपोर्टसुद्धा इथलाच. तरी या देशाच्या गोष्टीत आपलं एखादं पान असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ती फळी टिकावी, एवढाच त्यांचा हव्यास होता.

बारा पुस्तकं ठरली, आणि काकूंनी हाडीमाशी खिळलेल्या सवयीनं घोटाळा केला. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कडा नीट दुमडून, वर वळणदार अक्षरात नावाची चिठ्ठी. एकाच ताग्यातले सदरे घातलेली भावंडं जशी. सहा रविवार गेले. मुलं यायची, बघायची, पुढे जायची. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"शैला, या पोरांनी आपल्यासारखी जूनमध्ये कधी कव्हरं घातलीत का?" काकूंचे यजमान मोरेश्वरराव एकदा चहा पिता पिता म्हणाले. "अगं, त्यांना वाटत असेल, हा होमवर्क आहे!"

काकूंनी कपाळावर हात मारला.

दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांनी सगळ्या मुलांसमोर बाराही कव्हरं टराटरा फाडली. आतून जहाजं निघाली, जंगलं निघाली, लाल शाल पांघरलेली एक बाई निघाली. आठ वर्षांच्या अनयानं ते बाईचं पुस्तक उचललं आणि जमिनीवरच फतकल मारली. राजेशनं हसत इश्यूच्या वहीत तिचं नाव लिहिलं. शाळा सुटली, आई दारातून हाका मारू लागली, तरी ही बया उठेना.

शेवटी तिनं मान वर केली. "शैलजा आजी, मॉम सेज यू केम हिअर बिफोर ऑल ऑफ अस. आर यू इन धिस बुक?"

काकूंना हसू आलं. "नाही गं राणी. मी फार उशिरा आले. पण थंडी तेवढीच होती."

"यू वेअर स्केअर्ड?"

बत्तीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मोरेश्वररावांनीसुद्धा नाही.

"हो," काकू म्हणाल्या. "खूप."

अनयानं पुस्तक मिटलं आणि सरकून त्यांना बसायला जागा केली. "टेल मी," ती म्हणाली.