उन्हावर कोण संशय घेणार?

माझ्या थोरल्या बहिणीचा, सिग्नेताईचा, कशावरच विश्वास नाही. आई कर्करोगाने गेली तेव्हापासून तिने सगळ्या जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर, शेजारच्या आर्नफिनची बटाट्यावरची फवारणी, न चिकटणारा तवा, परदेशी द्राक्षं. मी एकदा तिच्याकडे मायक्रोवेव्ह लावला, तर बाई थेट अंगणात जाऊन उभी राहिली. वैताग येतो, पण करता काय.

फक्त उन्हावर तिचा कधी संशय नव्हता. कसा असेल? आमच्या उत्तर नॉर्वेत हिवाळ्यात सूर्य तोंडच दाखवत नाही. म्हणून ईस्टरला सगळे डोंगरावरच्या लाकडी घरांत जातात, बर्फात खड्डा खणतात, वारा अडवायला बर्फाचीच भिंत रचतात आणि रेनडिअरच्या कातड्यावर उघड्या अंगाने पडून राहतात. सुट्टीनंतर जो तांबूस होऊन परतत नाही त्याला लोक विचारतात, "काय रे, आजारी होतास का?" लहानपणी आम्हा दोघांच्या पाठीची सालं निघायची आणि आई वर आंबट साय चोळायची.

यंदाही ताई तशीच पालथी पडली होती. मी संत्रं सोलत बसलो होतो, तेवढ्यात तिच्या खांद्यामागचा तीळ दिसला. मधे काळा, बाजूला तपकिरी, कडा कुरतडल्यासारखी.

"ताई, हा गेल्या वर्षी एवढा नव्हता."

"पिशवीच्या पट्ट्याने घासलाय."

"डॉक्टरला दाखव."

"का रे? माझ्या मरणाची घाई झालीय? हे घर हवंय ना तुला!"

माझं डोकंच फिरलं. "घाल चुलीत तुझं घर! पण दाखव!"

उरलेली सुट्टी आम्ही अबोल्यात काढली. शेवटी ती डॉक्टरकडे गेली, तीही मी खोटा ठरावा म्हणून. तीळ काढून तपासायला पाठवला. निकाल ऐकायला मला मात्र सोबत घेतलं. कर्करोगच निघाला.

"टॉवरमुळे ना?" ताईने डॉक्टरीणबाईंना लगेच विचारलं.

"नाही हो, उन्हामुळे. बर्फावरून उलटून आलेलं तर जास्तच लागतं. त्याने पेशीतल्या सूचना बिघडतात. बहुतेक बिघाड शरीर दुरुस्त करतं, एखादा राहून जातो. वर्षानुवर्षं असे बिघाड साठले की एखादी पेशी 'आता थांब' हे ऐकेनाशी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, वाढतच जातात."

"मग आमच्या आईचं?"

"तंबाखू, दारू, वय, घराण्यातला दोष, कधी नुसतं दुर्दैव. दर वेळी आरोपी सापडतोच असं नाही."

मला ताईची फार दया आली. पण तीळ खोलवर गेला नव्हता, वेळेवर काढला गेला, असं कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाहेर गाडीपाशी आलो. ताई माझ्याकडे रोखून बघत होती, टॉवरकडे बघायची तशी.

"तूही पडायचास ना माझ्या शेजारी? शर्ट काढ."

"इथे? लोक बघतायत!"

"बघू देत. काढ म्हणते ना!"

काढला. थंडीने काटा आला. तिचं बोट पाठीवरून सावकाश खाली सरकत गेलं आणि कमरेपाशी थांबलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. पण तिने माझा दंड घट्ट धरला आणि मला परत दवाखान्याच्या दाराकडे ओढत नेलं.