करार झाला नसता तर

"आणि हे झालंच नसतं तर?" असं विचारून ते चष्मा काढायचे आणि टेबलावर उलटा ठेवायचे. मग समोरच्यानं बोलून काही उपयोग नसे. त्यांचे ओठ हलायला लागलेले असत. हिशोब ते कन्नडमध्ये करत.

सोलापुरातल्या टॉवेल-चादरी विणणाऱ्यांच्या एका संघाच्या कचेरीत मी टंकलेखिका होते. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि दुपारनंतर संघाचं आकडेवारीचं काम बघत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणते.

सर कुंभारीहून बसनं येत. एकदा उशीर झाला म्हणून संघाचे सेक्रेटरी रागावले. सरांनी गंभीरपणे सांगितलं, की नेहमीची बस चुकली हे खरं, पण ती वाटेत बंद पडली होती. ती मिळाली असती तरी ते याच वेळेला पोचले असते, तेव्हा बस चुकल्याचा परिणाम शून्य. रागवावं की हसावं, हे सेक्रेटरींना कळेना. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो आणि घरी जाऊन त्याच्या बोलण्याचा विचार करत बसतो.

सत्तरनंतरच्या त्या एक-दोन वर्षांत कचेरीत एकच विषय होता. इंग्लंड करार करून युरोपातल्या देशांच्या सामाईक बाजारात जाणार होतं. जुन्या संबंधांमुळे आपल्या मालाला तिथं जकातीत सवलत मिळे, ती आता जाणार. सोलापूरच्या टॉवेलचं काय होईल, हे सरांनी अहवाल लिहून सभेत सांगावं असं ठरलं.

सर महिनाभर कागदांत बुडाले. अहवालात त्यांनी लिहिलं, 'इंग्लंडची मागणी कदाचित बरीच घटेल.' सेक्रेटरींनी 'कदाचित' हा शब्द खोडला. सभेत लोकांना पक्कं काहीतरी हवं असतं, कदाचित ऐकायला कोण येतो, असं त्यांचं म्हणणं. सरांनी थोडं अडखळून ते मान्य केलं. तो शब्द गाळून, प्रती काढायची स्टेन्सिल मीच टाइप केली.

सभेला हॉल भरला होता. सर वाचत होते आणि लोक पुतळ्यासारखे ऐकत होते. मागच्या रांगेत लक्ष्मय्या नावाचा विणकर बसला होता. भद्रावती पेठेत त्याच्या घरात चार हातमाग होते, एक त्याची बायको चालवायची. सभा संपल्यावर तो सरांच्या जवळ आला, काहीतरी विचारणार असं वाटलं, पण नमस्कार करून गेला.

करार लागू झाला आणि वर्ष उलटलं, तरी मागणी घटली नाही. हातमागाच्या मालाला युरोपनं वेगळी सवलत दिली होती. सरांनी गिरणीच्या आणि हातमागाच्या कापडाला जकातीचा एकच दर धरला होता. सभासद खुशीत होते, सरांची थट्टा करत. सर मात्र दिवसेंदिवस बेचैन होत गेले. त्यांनी स्वतःहून दुसरा अहवाल काढायचं ठरवलं. करारानं नेमकं काय झालं ते शोधायचं होतं, पण मधे दुष्काळ पडला होता, सूत महागलं होतं, सगळं एकमेकांत गुंतलं होतं. ते पेठांतून घरोघरी फिरायला लागले. काही वेळा नोंदी घ्यायला मीही बरोबर असे.

असेच आम्ही लक्ष्मय्याच्या घरी गेलो. तिथं भाडेकरू राहत होते. मागाखाली पाय सोडायचे खड्डे मातीनं बुजवले होते आणि त्यावर शेगडी मांडली होती. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "तुमच्या सभेतनं आला आन दुसऱ्या दिवशी माग विकलं. भिवंडीला गेली दोघं, दुसऱ्याच्या कारखान्यात."

सर उंबऱ्यावरच बसले. मी पाणी मागून आणलं, ते हातात धरून ठेवलं त्यांनी.

त्यानंतर त्यांना काही लिहवेना. मजकूर सांगायचे, मी टाइप करायचे, ते कागद फाडायचे. साधं हजेरीपत्रक सही करण्याआधी दोनदा वाचायचे. भिवंडीचा पत्ता मिळवून त्यांनी लक्ष्मय्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात एका लग्नासाठी लक्ष्मय्या सोलापुरात आला आणि एका दुपारी कचेरीच्या दारात उभा राहिला. सर खुर्चीतून उठले. जवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

लक्ष्मय्यानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं सांगा सर. तितं यंत्राच्या आवाजानं कमी ऐकू येतंय."

सरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. सेक्रेटरी त्यांच्या खोलीच्या दारात आले होते. मग सर मोठ्यानं म्हणाले, "माझा अंदाज चुकला. मला खात्री नव्हती, तरी खात्री असल्यासारखं बोललो. तुमचे माग त्यामुळे गेले."

माझी बोटं मशीनवर तशीच राहिली, कारण तो शब्द मीही गाळला होता.

लक्ष्मय्यानं मान हलवली. म्हणाला, "मग आता परत यावं का? तुमी सांगा की."

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "ही सवलत पुढं राहील की जाईल, कुणालाच माहीत नाही. एवढं मात्र खरं सांगतो."

"बरं," तो म्हणाला आणि रागावल्यासारखा न दिसता निघून गेला. पुढच्या वर्षी तो परत आला, दोन माग भाड्यानं घेतले. काही वर्षं बरी गेली, काही वाईट.

सरांचा दुसरा अहवाल त्या भेटीनंतर पुरा झाला. कराराचा परिणाम वेगळा काढून सांगता येत नाही, असं त्यात शेवटी लिहिलं होतं. सेक्रेटरींनी ते वाक्य बदला म्हटलं. या वेळी सर बदलेनात. अहवाल छापला गेला नाही आणि सरांनी संघाचं काम सोडलं.

बऱ्याच वर्षांनी एकदाच ते मला एसटी स्टँडवर भेटले, निवृत्त झाले होते. माझी मोठी मुलगी मॅट्रिक झाली होती. तिला कॉमर्सला घालू की सायन्सला, मी सहज विचारलं. सरांनी पिशवी खाली ठेवली. तिला काय आवडतं, गणितात कशी आहे, सगळं विचारलं आणि विचारात पडले. बस लागली, कंडक्टरनं घंटी दिली, तरी ते उभेच. मीच त्यांना चढवलं. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, पण बस वळली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेल्याचं कळलं. मुलीनं कॉमर्स घेतलं होतं. त्यांना कळवायचं राहून गेलं.