नानांची प्रुफं

नाना वारले, त्या दिवशी त्यांच्या कथासंग्रहाची प्रुफं माझ्या टेबलावर होती.

आज कपाट उघडताना त्या कागदांना शाईचा वास आला आणि देवपुरातल्या आमच्या लेखक मंडळाची बैठक आठवली. आपली प्रुफं आपण वाचायची नाहीत, असा तिथला रिवाज होता.

"आपली चूक आपले दिखत नही," म्हणत नानांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. "घाई करू नको. पण मी शे तवर दे, भाऊ."

जिवंत असेपर्यंतची ही मुदत ऐकून सगळे हसले, मीही हसलो.

मग तीन महिने मी एकेक स्वल्पविराम तपासत राहिलो. तेव्हा ती मला निष्ठा वाटत होती. ते वाट पाहत होते, हे आज कळतं.

त्यांच्यामागे पुस्तक काढायला कोणी नव्हतं. पुढे मंडळही मोडलं. त्या कथा पूर्ण वाचलेला माणूस आता मी एकटाच आहे.