बाबांना मी फक्त बाग सांगितली

ताईचं सासर नाशिकचं. नवरदेवाचा मित्र वायनरीत नोकरीला, त्यामुळे लग्न अशाच एखाद्या ठिकाणी करायचं, असं त्यांच्या घरात आधीच ठरलं होतं. जागा बघायला ताईबरोबर मला पाठवलं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; चौकशी मला नीट करता येईल, असं बाबांना वाटायचं.

एका दिवसात आम्ही तीन वायनऱ्या बघितल्या. सगळीकडे तेच: द्राक्षांच्या रांगा, मंडपापुरतं हिरवळीचं मैदान आणि आत ओळीने ठेवलेली लाकडी पिंपं. पहिल्या ठिकाणी मॅनेजरने छोटे ग्लास पुढे केले तशी मी दोन पावलं मागे सरले. आमच्याबरोबर आलेल्या ताईच्या होणाऱ्या सासूबाई हसल्या.

"अगं, घाबरतेस काय? तुमच्या बडोद्याचे दारूबंदीवाले पोलीस काही इथवर येत नाहीत!"

मीही हसले. पण मला बाबा आठवत होते. बाबा बडोद्याजवळ बाजव्याला वेल्डर आहेत. त्यांचे मोठे भाऊ, आमचे काका, चोरून विकल्या जाणाऱ्या दारूने गेले. बाबांनी त्यांना रिक्षात मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून जिथे दारू असते तिथे बाबा पाऊल ठेवत नाहीत. जिवलग मित्राच्या मुलाच्या लग्नातूनही ते न जेवता उठून आले होते. आम्हा बहिणींना हे पाठ होतं.

तिसऱ्या वायनरीत ताई वेलींच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किती छान आहे गं." मग हळूच विचारलं, "पण बाबा?"

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं.

तिथूनच फोन लावला. बाबांनी विचारलं, "जागा कशी आहे?" मी मनात वाक्य तयार केलं होतं, पण ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "द्राक्षाची मोठी बाग आहे, बाबा. मोकळी हवा आहे."

"मग चालेल. तू बघितलीस ना? बस."

ताईला मी सांगितलं, बाबा तयार आहेत. नंतर सांगू, असं मनात होतं. माझी परीक्षा झाली, पत्रिका छापून आल्या. पत्रिकेवर गावाचं नाव आणि 'लॉन' एवढंच होतं. ते वाचून मला बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

लग्नाच्या सकाळी आमची बस फाटकाशी थांबली. फाटकात एक मोठं पिंप फुलांनी सजवून ठेवलं होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात ताईचं आणि नवरदेवाचं नाव लिहिलं होतं. बाबा फेटा सावरत खाली उतरले. ती नावं त्यांनी सावकाश वाचली.

"हे कशाचं पिंप आहे गं?"

"शोभेचं आहे, बाबा."

"कशाचं?"

"वाईनचं."

"तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. "कन्यादानाला मामा-मामींना बसव. मी बसमध्ये आहे."

आई दोनदा बसपाशी जाऊन आली. "अहो, पोरीसाठी तरी चला." ते म्हणाले, "मी कुणाला अडवलंय का? माझे पाय उचलत नाहीत."

सासरच्यांना मी सांगितलं, बाबांची तब्येत बिघडली आहे. मामा-मामींनी कन्यादान केलं. ताई सारखी फाटकाकडे बघत होती.

निघायच्या वेळी ती बसमध्ये येऊन बाबांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला. खाली उतरल्यावर तिने मला बाजूला घेतलं. तिचं काजळ पसरलं होतं.

"तू म्हणाली होतीस ते तयार आहेत."

"तुला ही जागा आवडली होती ना, म्हणून..."

"आवडली होती गं. पण मी आपल्या बडोद्यात, मांजलपूरच्या सोसायटीच्या हॉलमध्येही उभी राहिले असते. एकदा खरं सांगायचंस. मी त्यांच्याशी बोलले असते, यांच्याशी बोलले असते."

मी तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेले.

संध्याकाळी गुजरातच्या हद्दीवर बस थांबवली. नाशिककडून येणाऱ्या गाड्या तिथे बाटल्यांसाठी तपासतात. एक पोलीस वर चढला, पिशव्या चाचपत आमच्या सीटपाशी आला.

"काका, क्यांथी आवो छो?" कुठून येताय, असं त्याने गुजरातीत विचारलं.

"लग्नमांथी," बाबा म्हणाले. "मारी दीकरीनां लग्न हतां."

"अरे वाह! केवां थयां?" कसं झालं, त्याने विचारलं.

बाबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"सरस थयां," ते म्हणाले. मग तपासायला सोपं जावं म्हणून त्यांनी स्वतःच आपली पिशवी उघडून पुढे धरली.